हसून सांगितलेली साक्ष

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

'आपल्या आधीच्या बाया' असा या सत्राचा विषय आहे. सावित्रीबाई, ताराबाई, रमाबाई यांच्याविषयी बोलणाऱ्या माझ्याहून जाणत्या बाया इथे बसल्या आहेत. मी माझ्या आजीविषयी बोलणार आहे. ती शाळेत गेली नाही, कधी मोर्चात चालली नाही, तिचं नाव कुठल्या पुस्तकात आलं नाही. साताऱ्याच्या पूर्वेला माण-खटावचा जो दुष्काळी पट्टा आहे, तिथे तिचा सगळा जन्म गेला. २०२१ साली ती वारली तेव्हा ८५च्या आसपास होती. आसपास म्हणते, कारण तिच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. वय विचारलं की म्हणायची, "मी जल्मले तवा मी लई लहान व्हते बाय, मला कसं ध्यानात ऱ्हाईल?"

ती गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून गेला. "म्हातारी लई गमतीची होती. एवढं सोसलं, पण कधी कुरकुर केली नाही." तुमच्या गावातल्या कितीतरी आज्यांबद्दल हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते प्रेमाने म्हटलं जातं, म्हणून त्याला कुणी हरकत घेत नाही. मला घ्यायची आहे. आजी गमतीची होती हे खरं. तिने सोसलं हेही खरं. पण कुरकुर केली नाही, हे साफ खोटं. ती आयुष्यभर तक्रार करत होती. फक्त तिची तक्रार विनोदातून यायची. ऐकणाऱ्यांनी विनोद घेतला आणि तक्रार तिथेच सोडून दिली.

आता बायांनी हसायचंच नाही असं आपल्या रीतीत कुठेही सांगितलेलं नाही. हादग्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची भरपूर टिंगल असते. पंचमीच्या झिम्मा-फुगडीत सासूचं सोंग काढता येतं. लग्नात उखाणा घेताना नवऱ्याला कोपरखळी मारता येते. म्हणजे परवानगी आहे, पण सणापुरती, आणि तीही बहुतेक बायाबायांतच. सण संपला की टोपलं डोक्यावर घ्यायचं आणि खाली बघून चालायचं. आजीचं वेगळेपण एवढंच, की तिने या वेळापत्रकाला जुमानलं नाही. ती सुगीत बोलायची, दुष्काळात बोलायची, पाणवठ्यावर बोलायची आणि कचेरीतही बोलायची.

तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती सासरी आली. रीतीप्रमाणे नाव बदललं. पुढे आम्ही विचारलं, "आजी, तुझं माहेरचं नाव कुठं गेलं?" तर म्हणाली, "तितंच ठिवून आले. कुनाला तरी कामाला यील म्हणून." आम्ही पोरं खिदळायचो. पण नावासकट घर सोडायला लावलेल्या पोरीने याहून नेमकं काय बोलायला हवं होतं?

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा दंडक तिनेही पाळला. एकदा घरोघर माहिती लिहायला आलेल्या गुरुजींनी तिला मालकाचं नाव विचारलं. ती म्हणाली, "त्यास्नीच इचारा. आमची वळख 'अगं' आन् 'अवं' एवढीच हाय." गुरुजी हसले आणि शेजारणीला विचारून नाव लिहून घेतलं. पण धुण्याच्या दगडावर, बायाबायांत, ती याच्या पुढे जायची. "त्येंचं नाव घ्यायचं न्हाई, पर त्येंचा मार घ्यायचा. बाईनं घ्यायचं काय न् काय न्हाई ह्ये ज्यानं ठरीवलं, त्यो लई शाना असनार." दोन वाक्यांत तिने जे सांगितलं, ते आपण शिबिरात फळ्यावर लिहून तासभर समजावतो.

१९७२चा दुष्काळ तुमच्यापैकी काही जणींनी पाहिला आहे. बाकीच्यांनी ऐकला आहे. विहिरी आटल्या, जनावरं मेली, आणि माणसं खडी फोडायला, रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामांवर गेली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यांत बायांची संख्या फार मोठी होती. आजी तेव्हा पस्तिशीत होती आणि पदरात तीन पोरं होती. कामावर सुकडी मिळायची. रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यायची. तिची लालसर, जाड भाकरी पोरं तोंडात घेईनात. आजी त्यांना सांगायची, "अमेरिकेपासनं उन्हातान्हात आलीया, लाल हुईल न्हाईतर काय? आता तिला माघारी धाडाया गाडीभाडं कोन दील? खावा." पोरं हसली की एक घास आत जायचा. पोराच्या पोटात घास ढकलायला आईला विनोद करावा लागावा, हे त्या दुष्काळाचं खरं वर्णन आहे.

मजुरी कामाच्या मापावर होती. किती खडी फोडली हे मुकादम टेपने मोजायचा. माप नेहमी कमी भरायचं. बाया आपसांत कुजबुजायच्या, पण उद्या कामावरून काढलं तर काय, या भीतीने उघड कुणी बोलायची नाही. एका शनिवारी माप चालू असताना आजी मोठ्याने म्हणाली, "मुकादम, तुमची टेप बी दुष्काळातली दिसतीया. लई आखडलीया बिचारी." सगळी टोळी हसली. शे-दीडशे माणसं हसताना मुकादम काय करणार? एकटी बाई भांडली असती तर त्याने तिला घरी पाठवलं असतं. हसणाऱ्या टोळीला पाठवता येईना. त्याने परत माप घेतलं, आणि त्या आठवड्याला माप नीट भरलं.

ही गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगितली गेली असेल. प्रत्येक वेळी 'म्हातारीचा फटकळपणा' म्हणून. मला ती संघटनेची गोष्ट वाटते. मागणी काय होती? योग्य माप. कुणाकडे होती? मुकादमाकडे. सोबत कोण होतं? सगळी टोळी. पदरात काय पडलं? पूर्ण मजुरी. त्या दुष्काळी कामांच्या अनुभवातून आणि तेव्हाच्या लढ्यांतूनच महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कायद्याच्या इतिहासात नेत्यांची नावं येतात आणि ती यायलाच हवीत. पण आखडलेल्या टेपविषयी बोलणाऱ्या बाया प्रत्येक कामावर होत्या, म्हणून ती मागणी उभी राहिली. हजेरीपटावर मात्र आजीचं नाव नव्हतं. तिथे होतं 'अमक्याची बायको'.

इथे मला एक कडू गोष्टही सांगायला हवी, कारण आज्यांच्या आरत्या ओवाळायला आपण जमलेलो नाही. त्याच कामावर दलित वस्तीतल्या बायाही खडी फोडत होत्या. ऊन तेच, हातोडा तोच, मुकादम तोच. पण पाण्याचे डेरे वेगळे होते. १९७२ सालीच बाबा आढाव आणि त्यांच्या साथींनी 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम सुरू केली, ती याच वास्तवातून. मी आजीला विचारलं होतं, "टेपवर बोललीस, मग डेऱ्यावर काय बोललीस?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्यावर कुनी हसलं नसतं." एवढंच. ज्या बाईला कशावरही बोलता यायचं, तिचं तोंड तिथे मिटलं होतं. टेप आखडली तेव्हा तिची स्वतःची मजुरी बुडत होती. डेरे वेगळे होते तेव्हा तिचं काही बुडत नव्हतं. आजीचे विनोद आपण लिहून ठेवू, तर तिचं हे गप्प बसणंही त्याच पानावर लिहायला हवं. बाई म्हणून आपण सगळ्या एक, असं आपण सहज म्हणतो. त्या डेऱ्यांनी ते म्हणणं किती अपुरं आहे ते दाखवलं आहे.

आता माराविषयी. आजोबा वाईट माणूस होते असं गावात कुणी म्हणणार नाही. कष्टाळू होते, माळकरी होते. आणि बायकोला मारायचे. आजीच्या डाव्या हाताचं हाड कोपराखाली थोडं वाकडं होतं. त्याची गोष्ट ती अशी सांगायची: "त्येंनी काठी उगारली, म्या हात आडवा धरला. काठी मोडली. म्हागामोलाची व्हती. चार दीस त्येंचा जीव थाऱ्यावर नव्हता." ऐकणारे पोट धरून हसायचे. या गोष्टीत हाताचा उल्लेख फक्त आडवा धरण्यापुरता आहे. हात मोडला हे वाक्य तिच्यात नाही. ते वाकड्या हाडात आहे.

मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि आता एका सल्ला केंद्रात काम करते. तिथे येणाऱ्या बायांमध्ये रडणाऱ्या असतात, गप्प बसणाऱ्या असतात, आणि हसणाऱ्याही असतात. "अहो ताई, आमचे मालक म्हणजे चक्कीच. महिन्याचं दळण ठरलेलं," असं म्हणून एक बाई खळखळून हसली होती. तिच्या पाठीवर वळ होते. अशी बाई चौकीत गेली की ऐकायला मिळतं, "हसतीय की! म्हणजे फार काही झालेलं नाही." नातेवाईक म्हणतात, "तिचा स्वभावच चेष्टेखोर आहे, तिचं मनावर घेऊ नका." २००५चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शारीरिक छळ, लैंगिक छळ, शिव्याशाप, पैशाची कोंडी, हे सगळं त्याने हिंसा म्हणून मान्य केलं. पण पीडित बाईने रडतच आलं पाहिजे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ती अट आपल्या मनात आहे. बिचारी दिसेल तिच्यावरच आपला विश्वास बसतो.

बाई हसून का सांगते? कधी लाज झाकायला. कधी ऐकणारं माणूस घाबरून उठून जाऊ नये म्हणून. कधी स्वतःलाच ते सगळं पेलावं म्हणून. आणि कधी अंगावर हात टाकणाऱ्या माणसाला लहान करायला, कारण त्या घरात त्याला लहान करायची दुसरी कुठलीच जागा तिच्यापाशी नसते. कारण कुठलंही असो, जे सांगितलं ती साक्षच असते. ती साक्ष म्हणूनच कागदावर आली पाहिजे.

१९९६ साली आजोबा गेले. मी तेव्हा तिसरीत होते. बाया जमल्या आणि बांगड्या फोडायला निघाल्या. आजीने हात मागे घेतला. "काचंला काय ठावं कोन मेलं ते? तिला कशापायी शिक्षा?" त्या दुःखातही दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. बांगड्या शेवटी फुटल्याच, कारण चुलत सासूपुढे तिचं चाललं नाही. पण महिन्याभराने बाजारातून ती स्वतः अर्धा डझन भरून आली. "जुन्या त्येंच्या नावाच्या व्हत्या. ह्या माज्या पैशाच्या हायेत." मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी तसं करावं असं परिपत्रक काढलं. ते पाहायला आजी राहिली नव्हती.

बांगड्यांहून मोठी लढाई जमिनीची होती. चार एकर कोरडवाहू. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या मागे विधवेला मुलामुलींच्या बरोबरीने वारस केलेलं आहे. म्हणून सातबाऱ्यावर आजीचं, माझ्या वडिलांचं, काकांचं आणि आत्याचं अशी नावं लागली. मग वर्षभरात घरात हक्कसोडपत्राची बोलणी सुरू झाली. तुम्हाला ती पद्धत ठाऊकच आहे. बहिणीने आणि आईने 'खुशीने' सही करायची, बदल्यात साडीचोळी घ्यायची. एका धाकट्या दिरांनी पुढाकार घेतला. ते म्हणाले, "वैनी, अंगठा द्या. नाव कमी झालं म्हणून काय झालं? जमीन काय पळून चाललीया व्हय?" आजी म्हणाली, "न्हाई ना भावजी? मग माजं नाव तरी कुटं पळून चाललंय? ऱ्हाऊ द्या की दोगं बी एकाच कागदावर."

सगळे हसले. हसणाऱ्यांत दीरही होते. हसल्यावर पुन्हा तोच आग्रह धरणं त्यांना जड गेलं. पण एवढ्यावर भागलं नाही. पुढे दोन-तीन वर्षं दर सणाला तो कागद निघत राहिला आणि दर वेळी आजी काहीतरी नवं बोलत राहिली. एकदा म्हणाली, अंगठ्याला काटा लागलाय. एकदा म्हणाली, साडी आधी दावा, रंग बघून ठरीवते. आत्याला तिने बजावून ठेवलं होतं, "मी मेल्यावर बी सही करू नगंस. मी वर बसून बगनार हाय." आत्यानेही सही केली नाही. पुढे २०११ साली आत्याला नवऱ्याने टाकलं. ती दोन पोरं घेऊन माहेरी आली ती भावांच्या उपकारावर आली नाही. आपल्या नावच्या जमिनीवर आली. तिथे तिने दोन खोल्या बांधल्या, शेळ्या पाळल्या. आमच्या केंद्रात टाकलेली बाई येते तेव्हा आम्ही पहिलं विचारतो, राहायला जागा आहे का? बहुतेकींचं उत्तर नाही असंच येतं. आत्याचं उत्तर हो होतं, याचं कारण आजीचा तो विनोद. म्हणून त्याला नुसती गंमत म्हणायला मी तयार नाही.

शेवटची काही वर्षं तिची सरकारी कागदांशी गाठ पडली. पेन्शनसाठी दर वर्षी हयातीचा दाखला लागायचा. खिडकीतल्या कारकुनाने तो मागितला तेव्हा समोर उभी राहून ती म्हणाली, "मग ही हितं कोन उभी हाय? माजी जाऊ?" आणि पुढे रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं. आजीचा अंगठा त्यावर उमटेना. आधी उजवा, मग डावा, मग एकेक बोट. जन्मभर खडी, खुरपं, जातं आणि शेण यांत बोटांच्या रेघा झिजून गेल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "आजी, तुमच्या रेघाच नाहीत." ती म्हणाली, "बाहात्तर सालच्या रस्त्यावर ऱ्हायल्या बग. मशीन तिकडं घिऊन जा, समद्या गावतील." रांगेतली माणसं हसली. त्या दिवशी तिला धान्य मात्र मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी सून सोबत गेली, तिचा अंगठा लागला, तेव्हा मिळालं. हजेरीपटावर जिचं नाव नव्हतं, तिच्या हातावरची त्या कामाची खूणच पुढे तिच्या आड आली.

मैत्रिणींनो, बाईचा विनोद हे आपल्या चळवळीला परकं हत्यार नाही. ताराबाई शिंद्यांची 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली आली. तिच्यातला उपरोध आजही झोंबतो. १९८३ पासून 'मुलगी झाली हो' या नाटकाने गावोगाव बायांना हसवत हसवत विचार करायला लावलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या बायांकडून गोळा केल्या, म्हणून त्या वाचल्या. ओवीला चाल असते, ती तोंडपाठ होते. चारचौघांत फेकलेला टोमणा मात्र त्या माणसांबरोबर जातो. आणि उरतं काय, तर 'म्हातारी गमतीची होती.'

म्हणून मी या शिबिरात तीन गोष्टी सुचवते. पहिली, प्रत्येक गटाने आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना भेटावं आणि त्यांचे विनोद लिहून घ्यावेत. विनोद एकटा लिहू नये. तो कुणाला उद्देशून होता, तेव्हा काय चाललं होतं आणि त्यानंतर काय झालं, हेही लिहावं. त्यांच्याच बोलीत लिहावं, शुद्ध करू नये. कशावर त्या बोलल्या नाहीत, तेही विचारावं. दुसरी, सल्ला केंद्रात काम करणाऱ्या आपण केसपेपरवर बाईचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत. 'महिन्याचं दळण' असं ती म्हणाली तर तेच लिहावं, आणि दळण म्हणजे काय, किती वेळा, कशाने, हे विचारून त्याच्याखाली लिहावं. ती हसली म्हणून मारहाणीचा रकाना कोरा ठेवू नये. तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आहे. इथून गेल्यावर घरचा सातबारा काढा आणि त्यावर आईचं, आजीचं, बहिणीचं नाव आहे का ते बघा. नसेल तर ते कधी आणि कशाने कमी झालं ते विचारा. विचारताना हसून विचारलंत तरी चालेल. उत्तर मात्र घेतल्याशिवाय उठू नका.